सोलापूरचा माल आणि परदेशातले जीएम नियम: बियाण्याच्या पावतीपासून न्हावा शेवापर्यंत

परदेशी ग्राहकाशी बोलणी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या ईमेलमध्ये एक ओळ हमखास येते: माल नॉन-जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेल्या (जीएम) पिकापासूनचा नसल्याचं प्रमाणपत्र पाठवा. डाळिंबाच्या बागायतदाराला येते, शेंगा चटणी करणाऱ्या बचत गटाला येते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला येते आणि बार्शी भागात सोयाबीन गोळा करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीलाही येते. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी एजंटला फोन करून कुठून तरी एक कागद मिळवतो. नाहीतर कोणी घाबरून प्रयोगशाळेत हजारो रुपये ओततो, तेही अशा मालासाठी ज्याचं जीएम वाण जगाच्या बाजारातच नाही.

दोन्ही टाळता येतं. नियम किचकट दिसतात, पण त्यांची रचना समजली की आपल्या मालाला कोणता लागू आहे आणि कोणता नाही हे घरबसल्या ठरवता येतं. जिथे पुरावा खरंच लागतो तिथे तो बंदरावर तयार होत नसतो. तो शेतात, चाळणीवर आणि तेलाच्या डब्यापाशी तयार होतो. म्हणून हा लेख कंटेनर भरण्याच्या बराच आधीपासून सुरू होतो.

पहिली पायरी: माल जिवंत आहे का, आणि कशासाठी चालला आहे?

जीएम पिकांच्या सीमापार वाहतुकीवरचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार म्हणजे जैवसुरक्षेचा कार्टाहेना प्रोटोकॉल. तो २९ जानेवारी २००० रोजी माँट्रियलमध्ये स्वीकारला गेला आणि ११ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. भारताने त्याला जानेवारी २००३ मध्येच मान्यता दिली होती. अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया हे जीएम पिकं घेणारे मोठे देश मात्र त्याचे सदस्य नाहीत. तरीही त्यांचा माल सदस्य देशात उतरला की त्या देशाचे नियम लागू होतातच.

हा करार फक्त ‘सजीव’ बदललेल्या घटकांना लागू आहे. पेरलं तर उगवेल असं काहीही सजीव. सरकी सजीव, सोयाबीनचा दाणा सजीव, मक्याचा दाणा सजीव. सोयाबीनचं पीठ, पेंड, तेल, सूत, टॉवेल हे सजीव नाहीत, त्यामुळे ते या कराराच्या कक्षेबाहेर राहतात. ते आयात करणाऱ्या देशाच्या अन्न किंवा लेबल कायद्यात अडकू शकतात, पण ती गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य महागलं तेव्हा भारताने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली. त्या वेळी सरकारचा युक्तिवाद हाच होता की तेल काढलेल्या पेंडीत सजीव काही उरत नाही.

दुसरा प्रश्न हेतूचा. करारात तीन वाटा आहेत. शेतात पेरण्यासाठी जाणारं बियाणं असेल तर सगळ्यात कडक वाट: पहिल्या खेपेआधी आयात करणाऱ्या देशाला लेखी कळवायचं, त्याने ९० दिवसांत पोच द्यायची आणि धोक्याचं मूल्यांकन करून साधारण २७० दिवसांत निर्णय कळवायचा. खाणं, पशुखाद्य किंवा प्रक्रिया यासाठी जाणारं धान्य असेल तर वाट थोडी सोपी. तिथे कागदावर मालात जीएम घटक ‘आहेत’ किंवा ‘असू शकतात’, हा माल पेरणीसाठी नाही, आणि अधिक माहितीसाठी संपर्क कोणाचा, एवढं लिहावं लागतं. बंदिस्त प्रयोगशाळेत वापरायचं असेल तर तिसरी वाट. ती आपल्यापैकी फार थोड्यांना लागते.

वहीत दोन रकाने आखा, सजीव की निर्जीव आणि पेरणी की खाणं, आणि मालाच्या प्रत्येक प्रकारापुढे खूण करा. पुढचा सगळा खर्च या दोन खुणांवर ठरतो.

दुसरी पायरी: तुमच्या पिकाचं जीएम वाण जगात कुठे आहे का?

इथे सोलापूर जिल्हा बराच भाग्यवान आहे. डाळिंब, द्राक्ष, ज्वारी, तूर, हरभरा, भुईमूग या पिकांचं जीएम वाण व्यापारी बाजारात नाही. भगवा हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून आलेला डाळिंबाचा वाण. सोलापूर लाल केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात संकरातून तयार झाला. मंगळवेढ्याच्या शिवारातली मालदांडी तर मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली, स्वातंत्र्याच्याही आधीची. या मालासाठी डीएनए चाचणीवर पैसे घालवू नका. कंपनीच्या लेटरहेडवर वाणाचं नाव, ते कोणत्या संस्थेने कोणत्या पद्धतीने दिलं, आणि या पिकाचं जीएम वाण भारतात लागवडीस मंजूर नाही, असं तीन ओळींचं घोषणापत्र द्या. बहुतेक ग्राहकांना तेवढं पुरतं. ज्याला पुरत नाही त्याला विचारा, कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. अनेकदा उत्तर येतं की त्यांच्या फॉर्मवर तो रकाना आहे म्हणून मागितलं.

दुसऱ्या गटात सोयाबीन, मका, पपई, वांगं, ऊस येतात. यांची जीएम वाणं जगात कुठे ना कुठे पेरली जातात. बीटी वांगं, म्हणजे अळी मारणारं जीवाणूचं जनुक घातलेलं, बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केलं, आपल्याकडे फेब्रुवारी २०१० पासून त्यावर स्थगिती आहे. जीएम ऊस इंडोनेशियात आणि ब्राझीलमध्ये मंजूर झाला आहे. भारतात यातलं काहीही लागवडीस मंजूर नाही. पण परदेशी तपासनीस आपल्या मंजुरीकडे बघत नाही, तो नमुन्याकडे बघतो. २०२१ मध्ये युरोपात भारतीय तुकडा तांदळाच्या पिठात जीएम अंश सापडल्याचा इशारा निघाला. भारतात जीएम भाताची व्यापारी लागवड होत नाही, असं आपल्या सरकारने लगेच सांगितलं. तरीही त्या पिठापासून बनलेली उत्पादनं तिथल्या दुकानांतून मागे घेतली गेली. म्हणून या गटातल्या मालाला कागदोपत्री पुरावा आणि चाचणी दोन्ही लागतात.

तिसऱ्या गटात एकच पीक, कापूस. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, आणि आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. म्हणजे सरकी, सरकीचं तेल आणि सरकी पेंड यांना भारतात जीएम धरूनच चालायचं.

तिसरी पायरी: माल जाणार कुठे?

जगाचा एकच नियम नाही, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

युरोपीय संघ सर्वांत काटेकोर. जो जीएम प्रकार, म्हणजे पिकातला जो विशिष्ट जनुकीय बदल, तिथे मंजूर आहे, तो मालात अपघाताने मिसळला आणि त्या घटकाच्या ०.९ टक्क्यांपर्यंत राहिला, तर लेबल लागत नाही. त्यावर गेला तर लागतं. जो प्रकार तिथे मंजूर नाही, त्याचा अन्नातला अंशसुद्धा चालत नाही. शिवाय युरोपचा नियम पिकाच्या उगमाकडे बघतो. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए सापडणार नसला तरी ते जीएम पिकापासून काढलं असेल तर लेबल सक्तीचं. जपान वेगळ्या पद्धतीने चालतो. वेगळं ठेवून हाताळलेल्या सोयाबीन आणि मक्यात पाच टक्क्यांपर्यंत अनवधानाने आलेलं मिश्रण सक्तीच्या लेबलात येत नाही, पण एप्रिल २०२३ पासून पाकिटावर ‘नॉन-जीएम’ लिहायचं असेल तर चाचणीत अंशही सापडता कामा नये. तेलासारख्या, डीएनए न उरणाऱ्या पदार्थांना तिथे सक्तीचं लेबल नाही. दक्षिण कोरियाची मर्यादा तीन टक्के, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एक टक्का, अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून सक्तीची माहिती आणि अनवधानाने आलेल्या मिश्रणासाठी पाच टक्के.

एकच पाकीट जपानला बिनधास्त जाईल आणि जर्मनीत अडकेल, असं घडू शकतं. आखाती देशांत माल पाठवणाऱ्यांनी प्रत्येक देशाचा नियम ग्राहकाकडून लेखी मागवावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

जैवसुरक्षा कराराचं एक ऑनलाइन माहितीकेंद्र आहे, बायोसेफ्टी क्लिअरिंग-हाऊस. कोणत्या देशाने कोणत्या जीएम प्रकाराबद्दल काय निर्णय दिला, ते तिथे फुकट बघता येतं. प्रत्येक प्रकाराला एक सांकेतिक ओळख असते. आपल्या बीटी कापसातले दोन जुने प्रकार मॉन ५३१ आणि मॉन १५९८५ या नावांनी तिथे शोधता येतील. उत्पादक कंपनीतल्या एखाद्या पदवीधर मुलाला किंवा मुलीला ही साइट शिकवून ठेवा. पुढे एजंटवर विसंबायची गरज बरीच कमी होते.

चौथी पायरी: चटणीतलं तेल

यावर मुद्दाम थांबतो, कारण सोलापूरचे खाद्यपदार्थ परदेशी जाताना हीच जागा कच्ची राहते.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांची मूळ सामग्री निर्धोक आहे. ज्वारी, शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरे, यातल्या कशाचंही जीएम वाण बाजारात नाही. पण त्याच कारखान्यात फरसाण आणि तळलेले पदार्थ होत असतील, तर तळणाचं तेल कोणतं? सरकीचं असेल तर ते बीटी कापसापासूनचं धरावंच लागेल. सोयाबीन तेल असेल तर ते बहुधा आयात केलेलं, म्हणजे अर्जेंटिना किंवा ब्राझीलच्या जीएम सोयाबीनचं. अशा तेलाच्या आयातीला भारतात परवानगी आहे आणि इथे विकायला अडचण नाही. युरोपला जाणाऱ्या पाकिटात मात्र ते मुद्दाम वापरलेला घटक ठरतं. ०.९ टक्क्यांची सवलत अपघाताने आलेल्या मिश्रणाला आहे, कढईत ओतलेल्या तेलाला नाही.

उपाय सोपा आणि आपल्या चवीचाच आहे. परदेशी जाणाऱ्या खेपेसाठी शेंगदाणा, करडई किंवा सूर्यफूल तेल वापरा. करडई तर आपल्या काळ्या रानातलं पीक. युरोपसाठी करडई तेलाची वेगळी पुरवठासाखळी उभी करणं हा खर्च न मानता विक्रीचा मुद्दा मानावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तेलाचं बिल, घाण्याचं किंवा मिलचं नाव आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. तयार मसाला, कॉर्न स्टार्च, सोया लेसिथिन असं काही पडत असेल तर त्या पुरवठादाराकडूनही लेखी घ्या.

पाचवी पायरी: सोयाबीन आणि मक्याची साखळी जपणं

भारतीय सोयाबीनची परदेशातली खरी ताकद तो जीएम नसण्यात आहे. बार्शी, अक्कलकोट, उत्तर सोलापूर भागातल्या उत्पादक कंपन्यांनी ही ताकद कागदावर आणली पाहिजे. पेरणीच्या वेळी प्रत्येक सभासदाची बियाण्याची पावती आणि पिशवीचा टॅग यांचा मोबाइलवर फोटो घ्या. घरचं बियाणं असेल तर कोणत्या वाणाचं, कितव्या वर्षाचं, ते लिहून घ्या. गट क्रमांक, क्षेत्र, अंदाजे उतारा लिहा. हा उतारा महत्त्वाचा, कारण दोन एकरांतून तीस क्विंटल आले तर मधे कुठला तरी बाहेरचा माल मिसळला आहे.

मळणी यंत्र आणि चाळण आधी दुसऱ्याच्या मालाला लागली असेल तर आपल्या मालाची पहिली एक-दोन पोती वेगळी काढून स्थानिक बाजारात द्या. गोण्या नव्या किंवा धुतलेल्या घ्या. कोंबडीखाद्याच्या किंवा मक्याच्या रिकाम्या गोण्या निर्यातीच्या मालाला कधीही वापरू नका. २०२१ नंतर आयात पेंड ज्या खाद्य कारखान्यांत गेली, त्यांच्या गोण्या पुन्हा बाजारात फिरत असतात. आडतीवर माल टाकून मग त्यातून निर्यातीचा लॉट काढणं बंद करा. एकदा मार्केट यार्डात ढीग एकत्र झाला की कोणाचा दाणा कुठला हे कोणालाच सांगता येत नाही.

तणनाशक सहन करणारं बेकायदा कापूस बियाणं, ज्याला आपल्याकडे चोर बीटी म्हणतात, त्याबद्दल शेतकऱ्यांत दोन तट आहेत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, निर्यातीच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवा: मंजुरी नसलेल्या प्रकाराला युरोपात सवलतीची मर्यादाच नाही. ज्या गटाला सेंद्रिय किंवा नॉन-जीएम सरकी विकायची आहे, त्याच्या शिवारात ते बियाणं असेल तर सगळ्या गटाचा सौदा जातो.

टॉवेलवाल्यांसाठी थोडक्यात. साध्या टॉवेलला जैवसुरक्षा करार लागू नाही आणि अन्नाचे जीएम नियमही लागू नाहीत. ग्राहकाने तरी प्रमाणपत्र मागितलं तर नम्रपणे हे कळवा. ‘ऑर्गॅनिक’ टॉवेल विकणार असाल तर मात्र चित्र पालटतं. सेंद्रिय मानकांत जीएम बियाणं निषिद्ध आहे. रंगवलेल्या, ब्लीच केलेल्या कापडातून डीएनए मिळणं अवघड असतं, म्हणून तपासणी सरकी आणि रुईच्या टप्प्यावर झालेली हवी. सूतगिरणीकडून प्रत्येक खेपेचं व्यवहार प्रमाणपत्र घ्या आणि ते प्रमाणन संस्थेकडे थेट पडताळा. २०२० मध्ये भारतीय सेंद्रिय कापसाच्या बनावट प्रमाणपत्रांचं मोठं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हापासून परदेशी ग्राहक या कागदाकडे भिंग लावून बघतात.

सहावी पायरी: नमुना आणि चाचणी

चाचणी चुकते ती बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नाही, नमुन्यात. वरच्या एका पोत्यातून मूठभर दाणे काढून पाठवले तर अहवालाला काही अर्थ उरत नाही. गणित असं आहे: हजारात एक दाणा जीएम असेल आणि तो ९५ टक्के खात्रीने पकडायचा असेल तर नमुन्यात सुमारे ३,००० दाणे हवेत. सोयाबीनचे ३,००० दाणे म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, मक्याचे जवळपास पाऊण ते एक किलो. प्रयोगशाळा याहून जास्त मागते, तेवढं द्या. सगळ्या लॉटमधून, पोत्यांच्या वर-मधे-खाली बांबी (नमुना काढायची पोकळ सळी) मारून थोडं थोडं काढा, एकत्र करा, चांगलं मिसळा, मग तीन सारखे भाग करा. एक प्रयोगशाळेला, एक ग्राहकासाठी सीलबंद, एक आपल्याकडे. तिघांवर लॉट क्रमांक, तारीख आणि दोन सह्या.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी, आणि तिच्या मान्यतेच्या यादीत जीएम चाचणी नावानिशी असली पाहिजे. कीटकनाशक अंशांसाठी मान्यता आहे म्हणून जीएमसाठीही आहे असं धरू नका. आधी पीसीआर पद्धतीने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधत, चाळणी चाचणी करतात. बऱ्याच जीएम पिकांत ३५एस प्रमोटर आणि नॉस टर्मिनेटर हे डीएनएचे तुकडे वापरलेले असतात, ते शोधले जातात. सापडले तर कोणता प्रकार आणि किती टक्के, याची पुढची चाचणी. ३५एस हा तुकडा मुळात फुलकोबीवर येणाऱ्या एका विषाणूचा आहे, त्यामुळे कोबी-मोहरी वर्गातल्या पिकांना तो विषाणू लागला असेल तर चाळणी चाचणी खोटा होकार देऊ शकते. अशा वेळी घाबरून लॉट फेकू नका, पुढची चाचणी मागा.

शेतात किंवा जिनिंगवर पटकन तपासायला प्रथिनाची पट्टी मिळते. सरकी चिरडून पाण्यात घातली की काही मिनिटांत बीटी प्रथिन आहे की नाही ते कळतं. गटातल्या लोकांनी स्वतः वापरायला ती उत्तम. परदेशी ग्राहकाला अहवाल म्हणून मात्र ती दाखवू नका.

जनुक संपादित, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या वाणांचा प्रश्न लवकरच येणार आहे. मार्च २०२२ मध्ये भारताने, परकीय जनुक न घालता केलेल्या ठरावीक संपादनाला जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये अशा दोन भातवाणांची घोषणा झाली. युरोपीय न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये संपादित पिकं जीएमच्याच नियमांत धरली होती, आणि तिथे नियम बदलण्याची प्रक्रिया २०२३ पासून सुरू झाली. त्यामुळे वाणाच्या नोंदीत ‘संपादित आहे की नाही’ हा रकाना आत्तापासूनच ठेवा.

सातवी पायरी: खेपेचे कागद

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र वेगळं आणि नॉन-जीएम कागद वेगळा. पहिल्यात माल कीड-रोगमुक्त असल्याची सरकारी ग्वाही असते, जीएमबद्दल त्यातून आपोआप काही सिद्ध होत नाही. ग्राहकाला कोणाच्या सहीचा कागद चालतो, आपल्या घोषणापत्रावर भागतं की प्रयोगशाळेचा अहवाल हवा की सरकारी यंत्रणेचा, हे सौदा ठरतानाच करारात लिहून घ्या. सगळ्या कागदांवर एकच लॉट क्रमांक, एकच वजन, वाणाचं एकच नाव हवं. एका कागदावर ‘सोयाबीन’ आणि दुसऱ्यावर ‘सोया ग्रिट्स’ असं असलं तरी खेप अडकते.

बीटी कापसाचं बियाणं परदेशी पाठवायचं असेल, किंवा तिकडून कोणतंही जीएम बियाणं आणायचं असेल, तर १९८९ च्या नियमांखाली केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची, म्हणजे जीईएसीची, परवानगी लागते. आयात-निर्यात दोन्हीला. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत मक्याचं किंवा सोयाबीनचं बी मागवणं पूर्ण बंद करा, त्यात वनस्पती विलगीकरणाचा कायदाही मोडतो. याच नियमांत जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची तरतूद आहे. संशयास्पद बियाण्याची तक्रार तिथे लेखी देता येते.

जे व्यापारी धान्य किंवा फळं आयात करतात, त्यांच्यासाठी: १ मार्च २०२१ पासून २४ अन्नपिकांच्या खेपेबरोबर निर्यातदार देशाच्या सक्षम यंत्रणेचं नॉन-जीएम प्रमाणपत्र लागतं आणि अपघाती मिश्रणाची मर्यादा एक टक्का आहे. सफरचंद, मका, गहू, तांदूळ, सोयाबीन, बटाटा, टोमॅटो, पपई त्यात आहेत.

खेप अडकलीच तर

पहिल्या दिवशी तीन गोष्टी मागा: तिथल्या प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल, नमुना कसा काढला याची नोंद, आणि कोणता प्रकार सापडला त्याचं नाव. नुसतं ‘जीएम आढळलं’ हे पुरेसं नाही. चाळणी चाचणीवरच निर्णय झाला असेल तर प्रकार ओळखणारी चाचणी मागण्यासारखी आहे. आपल्याकडचा सीलबंद नमुना न उघडता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. त्याच लॉटचा उरलेला माल गोदामात बाजूला काढून त्यावर पाटी लावा आणि ज्या सभासदांचा माल त्यात होता त्यांची यादी काढा. अपेडाला (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) आणि ग्राहकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा. अहवालावर उत्तर द्यायची किंवा माल परत मागवायची मुदत किती आहे, हे आयात करणाऱ्या देशातल्या ग्राहकाकडून तारखेसह लिहून घ्या. मुदत उलटली तर माल तिथेच नष्ट करण्याचा आदेश निघू शकतो आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो, ते तुमच्या सौद्यात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं.